बोटांना न कळलेले पेच

आदिलाबादला बस स्टँडकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एक दार, एक खिडकी आणि खिडकीला लागून सागवानी टेबल, एवढंच. माझं लग्न ऐंशी सालच्या आसपास झालं. माहेर तलमडुगुकडचं, कापूस आणि ज्वारी पिकवणारं. आमच्या घरात यंत्र म्हणावं असं शिवणाची मशीन सोडली तर काही नव्हतं, त्यामुळे नवऱ्याच्या दुकानातल्या उघड्या पोटाच्या रेडिओंची मला सुरुवातीला भीती वाटायची.

सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. घरात हे, मी आणि ह्यांचा धाकटा भाऊ. तो तेव्हा सातवीत होता. आम्हाला मूल झालं नाही. लोक विचारायचे तेव्हा हे भावाकडे बोट दाखवून हसायचे, आणि खरं सांगायचं तर आम्हाला दोघांनाही ते उत्तर पुरेसं वाटायचं.

दुपारी मी डबा घेऊन दुकानात जायची आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच बसायची. खेड्यातून आलेल्या रेडिओत धूळ असायची, कापसाचा भुगा असायचा, एकदा तर पालीची दोन अंडी निघाली. हे सेट उलटा करून पेच काढायचे आणि एका पत्र्याच्या झाकणात मांडायचे. मांडायचे म्हणजे कसेही टाकायचे नाहीत. सेटवर जो पेच जिथे होता, झाकणात तो तिथेच. वरचा डावा वर डावीकडे, खालचा उजवा खाली उजवीकडे. सगळे पेच सारखेच तर आहेत, मग एवढा घोळ कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ज्याचं भोक त्यालाच मिळालं की तो नीट बसतो, असं त्यांनी सांगितलं.

आवळण्याबद्दल मात्र ते फार हळवे होते. दुसऱ्या कुणी ताकद लावून आवळलेला पेच सापडला की त्यांचा चेहराच उतरायचा. मला पेचकस हातात देऊन त्यांनी शिकवलं होतं.

"बोटाले कळते ते," ते म्हणाले होते. "पयले हलका जाते, मंग धरते. धरला का थांबाचं. पुढं अर्धा फेरा बी देला, तं जो कोनी नंतर खोलन, त्याचे हाल होतेत."

जो नंतर उघडणार आहे त्याचा विचार करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला त्यांचं ते फार आवडलं होतं.

त्याच दुकानावर भाऊ शिकला. दहावीनंतर हैदराबादला गेला, तिथे डिप्लोमा केला, एका कंपनीत लागला. सुटीत आला की दुकानात टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायचा आणि दोघं भाऊ एकच रेडिओ दोन बाजूंनी उघडायचे. मी त्याला भाऊजी म्हणायची, पण मनातून तो मला लेकासारखाच होता.

नव्वदनंतर रेडिओ कमी झाले आणि टेपरेकॉर्डर, टीव्ही यायला लागले. त्याच सुमाराला एक तेलुगू मास्तर त्यांचा टेपरेकॉर्डर परत घेऊन आले. मध्ये दुसऱ्या गावी बिघडला म्हणून तिथल्या मेकॅनिकला दाखवला होता, पण त्याला तो उघडताच आला नाही. तुम्ही काय सिमेंट भरलं की काय, असं मास्तरांनी हिंदीत हसत विचारलं. ह्यांनी सेट उलटा केला. चारही पेचांची डोकी घासून गेली होती, पेचकस नुसता गरगर फिरत होता. हे म्हणाले, त्या मेकॅनिकनेच आवळून ठेवले असणार. मास्तर म्हणाले, त्याने उघडलाच नाही तर तो आवळेल कसा.

महिन्याभरात असे आणखी चार-पाच सेट परत आले. प्रत्येक वेळी हे पेचांना दोष द्यायचे. माल खराब येऊन राह्यला, म्हणायचे. ते पेच त्यांनीच आवळलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. आवळताना त्यांच्या मनगटाच्या शिरा तट्ट फुगायच्या आणि तरी ते थांबायचे नाहीत. असं पूर्वी कधी होत नव्हतं.

मग एक दिवस दुकानात मांस जळाल्यासारखा वास आला. एक शेतकरी उभा होता, त्याच्याशी हे बोलत होते. डाव्या हातात सेट, उजव्या हातात तारांना डाग द्यायची गरम कांडी. कांडीचं टोक त्यांच्या डाव्या मधल्या बोटाला टेकलेलं होतं आणि ते त्या शेतकऱ्याला पावसाचं विचारत होते.

मी त्यांचा हात ओढला. बोटावर पांढरा खड्डा पडला होता. त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेलं आणि दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं बराच वेळ पाहिलं. शेतकरी घाबरून पाणी आणायला धावला.

त्यांच्या हातावर कोपराखाली एक फिकट चट्टा होता, वर्षभर तरी असावा. शिबं आहे म्हणून आम्ही त्यावर मलम लावत होतो. त्या रविवारी दुपारी मी त्यांना ओसरीत बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि शिवणाची सुई घेतली. आधी चट्ट्यावर टेकवली, मग बोटांवर. प्रत्येक वेळी मी विचारत होते, कुठं टोचलं सांगा. चट्ट्याच्या वेळी ते काहीच बोलले नाहीत. अंगठ्यापाशी मी सुई जरा जोरात दाबली. रक्ताचा थेंब वर आला.

"टोच ना मंग," ते डोळे मिटूनच म्हणाले. "काऊन थांबली?"

मी पदराने थेंब पुसला आणि झालं म्हणाले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कापसाची बारीक वात करून हातावर फिरवली, कोपराच्या मागची शीर चाचपली. ती दोरीसारखी जाड झाली होती, मलाही हात लावून दाखवली. मग त्यांनी तेलुगूत रोगाचं नाव घेतलं. ते नाव आमच्या भाषेतल्या नावापेक्षा फार वेगळं नव्हतं. आमच्याकडे बाया ते नाव मोठ्याने उच्चारत नाहीत.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. हिंदीत सावकाश सांगत होत्या. दोन वर्षं गोळ्या घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही. गोळ्या सुरू झाल्या की हा रोग दुसऱ्याला लागत नाही. त्यांनी मलाही तपासलं, मला काही नव्हतं. मी विचारलं, बोटांचं काय. रोग जाईल, म्हणाल्या, पण बोटांची गेलेली जाणीव सगळी परत येईलच असं नाही. आता बोटं जे सांगत नाहीत ते डोळ्यांनी बघायचं.

बाहेर येऊन हे लिंबाखाली बसले. मी रिक्षा बघते म्हटलं तर हाताने थांबवलं.

"त्याले नको सांगू," ते म्हणाले. "त्याच्या लग्नाचं पाहून राह्यलो आपन."

मी सांगितलं नाही. पण दसऱ्याला भाऊजी आले आणि कशासाठी तरी त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. गोळ्यांची पाकिटं तिथेच होती. मी स्वयंपाकघरातून पाहिलं, पाकीट हातात घेऊन ते वाचत होते. मग त्यांनी ते होतं तसं ठेवलं, कपाट लावलं आणि मोरीवर जाऊन हात धुतले. आम्हाला काही विचारलं नाही. चार दिवसांसाठी आले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी काम निघालं म्हणून गेले. ह्यांनी मला विचारलं की त्याला काही कळलं का. मी म्हटलं, कळलं असतं तर विचारलं असतं ना.

दोन महिन्यांनी पत्र आलं. हैदराबादलाच लग्न ठरलं होतं, मुलीकडच्यांनीच सगळं जमवलं होतं. दादाची तब्येत बरी नसते, एवढ्या लांबची दगदग करू नये, कार्य उरकलं की आम्ही दोघं येऊन पाया पडून जाऊ, असं लिहिलं होतं. पत्राबरोबर पत्रिका नव्हती.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. "बराबर लिवलं त्यानं," म्हणाले. "मले कुठं सोसते आता दगदग." तोवर एकदाही त्यांच्या तोंडून दगदग हा शब्द मी ऐकला नव्हता. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हाच त्यांनी शिंप्याकडे एक पांढरा सदरा टाकला होता. तो शिवून आला होता.

लग्नाच्या दिवशी त्यांनी तो सदरा घातला आणि नेहमीच्या वेळी दुकान उघडलं. मी डबा घेऊन गेले तर ते काही न करता बसले होते. समोर सेट होता, तो उघडलेला नव्हता. मला त्यांनी किती वाजले विचारलं. मी सांगितलं.

"झालं असन मंग," ते म्हणाले, आणि डब्याकडे हात केला.

पाया पडायला ते दोघं आले नाहीत. दिवाळीला पत्र यायचं. मुलगी झाल्याचंही पत्रानेच कळलं. हे प्रत्येक पत्राला उत्तर मला सांगून लिहून घ्यायचे, कारण करंगळी आणि शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं आणि अक्षर बिघडलं होतं. उत्तरात येण्याचा विषय ते कधी काढत नसत.

दोन वर्षं गोळ्या झाल्या. दवाखान्याने कार्डावर उपचार पूर्ण झाल्याचं लिहून दिलं. रोग गेला. बोटं मात्र डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तशीच राहिली. गावात कुजबुज झाली होतीच. काहींनी येणं बंद केलं. काही जण सेट हातात न देता पायरीवर ठेवायचे आणि मी उचलेपर्यंत उभे राहायचे. पण पुष्कळ जण पूर्वीसारखेच येत राहिले, ते मास्तरसुद्धा, हेही सांगायला हवं.

त्या काळात मी टेबलाशी बसायला लागले. बिघाड हे शोधायचे, बोट दाखवायचे, काम माझ्या हाताने व्हायचं. आणि सगळ्यात जास्त काम पडायचं ते त्यांनीच आवळून ठेवलेल्या पेचांचं. त्या एक-दोन वर्षांत, कळायच्या आधी, त्यांनी कोण जाणे किती सेट बंद केले होते. एकेक करून ते परत येत होते. ते मला घाई करू द्यायचे नाहीत. आधी पेचकस सरळ उभा धरून खाली दाबायचा, सगळं वजन देऊन. मग सोडवायच्या आधी तो किंचित आवळायचा, म्हणजे त्याची पकड मोडते. नाहीच ऐकला तर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून चहा होईपर्यंत वाट पाहायची. गरम कांडी त्याच्या डोक्याला टेकवायची. डोकं घासलेलं असेल तर पेचकसाच्या टोकाखाली रबराचा तुकडा घालायचा. आणि काहीच नाही झालं तर करवतीच्या पात्याने डोक्यावर नवी खाच पाडायची. मला हे सगळं यायला लागलं.

पेच सुटला की हे गिऱ्हाइकाला सांगायचे, हा मीच जास्त आवळला होता, माझी चूक झाली. सांगायची काही गरज नव्हती. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा सांगितलं.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत, एका दुपारी, भाऊजी दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. सहा वर्षं झाली होती. अंग भरलं होतं, कानांजवळ केस पांढरे झाले होते, खांद्याला काळी बॅग होती. आमच्याच जिल्ह्यातल्या एका कारखान्यात कंपनीच्या कामासाठी आले होते. टेबलाशी पेचकस घेऊन बसलेली मी आणि बाजूच्या स्टुलावर बसलेले हे, असं पाहून ते क्षणभर गोंधळले. मग आत आले, वाकले आणि दादाच्या पायांपुढच्या फरशीला हात लावून कपाळाला लावला. हे उठून उभे राहिले होते. बस, बस, म्हणत राहिले. त्यांचा एक हात भावाच्या पाठीकडे गेला आणि मध्येच थांबला.

जेवायला घरी चला म्हटलं तर कारखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीवर जेवून आलो म्हणाले. थोडं बोलणं झालं, मुलीचं, हैदराबादच्या पाण्याचं. मग बोलायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी बॅग उघडून लॅपटॉप काढला. तोवर मी तो कधी पाहिला नव्हता. पाटीसारखा, पण जाड. कंपनीत वरच्या साहेबांनी वापरून सोडलेला भाऊजींना मिळाला होता. फार सावकाश चालायचा. त्यात घालायला मेमरीची एक पट्टी त्यांनी विकत घेतली होती, पण आधी ज्या कुणी तो उघडला होता त्याने पेच असे पिळून ठेवले होते की हलेनात. स्वतः खटपट करून त्यांनी दोन पेचांची डोकी घासून टाकली होती.

"पाय दादा," ते म्हणाले, "तुयाच्यानं होते का."

ह्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी मला टेबल रिकामं करायला लावलं, धुतलेलं धोतर घडी करून अंथरायला लावलं. लॅपटॉप त्यांनी दोन तळव्यांत धरून पालथा केला, तान्ह्या मुलाला उपडं करतात तसा. खाली सहा पेच होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. आमचे पेचकस त्यांना मोठे पडत होते. समोरच्या घड्याळवाल्याकडून मी त्याचा बारीक पेचकस मागून आणला.

पहिले चार निघाले, दाबून, आधी किंचित आवळून. हे प्रत्येक वेळी सांगत होते आणि मी करत होते. काढलेला पेच ते मला झाकणात त्याच्या जागी ठेवायला लावत होते. पाचव्याचं डोकं घासलेलं होतं. सायकलच्या ट्यूबचं रबर जाड पडलं म्हणून फुग्याचा तुकडा घातला, त्यावर तो सुटला. सहावा मात्र पूर्ण गुळगुळीत झाला होता. रबर फाटलं. खाली प्लास्टिक असल्यामुळे कांडी जास्त वेळ टेकवता येईना. तेलाचा थेंब सोडला, चहा मागवला. हॉटेलच्या पेल्यातून तिघांनी चहा घेतला. तेल पेचाभोवती पसरलं होतं.

शेवटी हे म्हणाले, पात्याने बारीक खाच पाड. मी पाडली. खाचेत सपाट पेचकस बसला, पण माझं मनगट पुरेना. दाब कमी पडला की तो खाचेतून निसटायचा. हे स्टुलावरून उठले. माझ्या मुठीवर त्यांनी आपला हात ठेवला, वळलेल्या बोटांचा, आणि वरून सगळं वजन दिलं. भाऊजी म्हणाले, राहू दे दादा, हैदराबादले पाहू. ह्यांनी मान हलवली.

"दे फेरा," मला म्हणाले.

मी फिरवला. टक्क आवाज झाला. बारीक होता, पण मला ऐकू आला आणि मुठीत कळला. ह्यांचा हात अजून माझ्या हातावर तसाच दाबलेला होता.

"सुटला का?" त्यांनी विचारलं.

भाऊजींनी वर पाहिलं. दादाच्या चेहऱ्याकडे, मग त्या हाताकडे. पेच सुटलेला हाताखालीच होता आणि ज्याच्या हाताखाली होता त्याला ते विचारावं लागत होतं. त्यांना ते त्या क्षणी कळलं, हे मी पाहिलं.

"सुटला," मी म्हणाले.

पेचाच्या आट्यांवर निळसर, वाळलेल्या डिंकासारखं काहीतरी होतं, त्यानेच तो धरला होता. झाकण उघडल्यावर पट्टी भाऊजींनी स्वतः बसवली. सुरू केल्यावर पडद्यावर मेमरीचे आकडे वर चढत गेले आणि पूर्वीच्या दुपटीवर थांबले. हे त्या आकड्यांकडे पाहून हसत होते. मग बंद करताना दोन खराब पेचांच्या जागी आमच्या डब्यातले तसलेच शोधून लावले. प्रत्येकाला हे म्हणत होते, धरला का, बस, थांब.

बॅगेची चेन लावता लावता भाऊजी थांबले. "दादा," ते म्हणाले, "लग्नाच्या वक्ताले मी..."

"तुई बस निंगून जाईन," हे म्हणाले. त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. उलट घाईने, एखाद्याच्या हातून काही पडायच्या आत झेलावं तसं. "दिवाळीले या मंग तिघं बी. पोरगी पाह्याची राह्यली."

भाऊजी गेले. ते गेल्यावर ह्यांना आठवलं की त्याला जवसाची चटणी फार आवडायची, घरी ताजी केलेली होती. मी घरून चटणीची बरणी घेऊन बस स्टँडवर गेले.

भाऊजी बाकावर बसले होते, पाठमोरे नाही, थोडे बाजूने. मांडीवर लॅपटॉप होता. हातात नळावर भिजवून पिळलेला रुमाल होता. त्यांनी झाकण पुसलं, कडा पुसल्या, पालथा करून खालची बाजू पुसली. मग रुमालाची घडी बदलून पुन्हा सगळं पुसलं. मग बोटं पुसली, एकेक. मग रुमाल बाकाखाली टाकला.

तेल लागलं होतं, हे खरं आहे. सहाव्या पेचाभोवती तेल होतं, ते माझ्याही बोटांना लागलं होतं. मी खांबाआड उभी राहून स्वतःला हेच सांगत होते. पण तेल फक्त खालच्या बाजूला होतं.

बस आली, ते चढले, बस गेली. मी बरणी घेऊन परत आले, आधी घरी गेले आणि ती ज्वारीच्या कोठीत खाली दडवली. दुकानात आल्यावर ह्यांनी विचारलं, देली का. मी म्हटलं, देली. काय म्हणाला. आवडली म्हणाले.

पुढचे चार-पाच महिने प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हकीकत ऐकावी लागली. भावाचा कॉम्प्युटर हैदराबादला उघडला नाही तो आमच्या दुकानात उघडला, हिनं खाच पाडली, मी जोर दिला. मास्तरांनी ती तीनदा ऐकली. सांगताना हे आपला वळलेला हात लपवत नव्हते. एरवी गिऱ्हाइकापुढे तो ते टेबलाखाली ठेवायचे. दिवाळीला पोरीसाठी काय घ्यायचं याचीही चर्चा उन्हाळ्यातच सुरू झाली होती.

दिवाळी त्यांनी पाहिली नाही. वैशाखात, भर दुपारी, दुकानातच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. घड्याळवाला आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं. तासाभरात ते गेले. कळवलं तसे भाऊजी गाडी करून रात्रीपर्यंत आले, बायको आणि मुलीला घेऊन. ओसरीत दादाला ठेवलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी पाय धरले, पायांवर कपाळ टेकलं आणि सोडेनात. लोकांनी उठवायचा प्रयत्न केला तरी सोडेनात. मी समोर बसून पाहत होते. आत काहीतरी कडू वर आलं, आता काय उपयोग, असं. मग तेही राहिलं नाही. ते पोरासारखे रडत होते आणि ते पोर मी वाढवलं होतं.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.

"वैनी, दादा मायावर राग धरून गेला का?"

बस स्टँडचं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. तो रुमाल तेलासाठी होता की कशासाठी, एवढं एकच विचारायचं होतं. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, असं मला अजून वाटतं.

"नाई," मी म्हणाले. "मरेपर्यंत तुमच्या लॅपटॉपचं सांगत होते लोकाइले."

त्यांनी तोंड झाकून घेतलं. मी उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. गाडीत सामान ठेवणं चाललं होतं आणि त्यांची मुलगी, पाच वर्षांची, स्वयंपाकघरात आली आणि पाणी मागितलं. मी माठातून पेला भरला. पोरीने हात पुढे केला. मला कधीच काही झालं नव्हतं, दवाखान्याने दोनदा तपासून तसं सांगितलं होतं. तरी पेला हातात धरून मी आधी दारात उभ्या असलेल्या तिच्या आईकडे पाहिलं.

पोरीने माझ्या हातातून पेला घेतला, उभ्याउभ्याच पाणी प्याली आणि आणखी मागितलं.